केसपेपरवरचे प्रश्नचिन्ह

एप्रिल २०२५मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली. पृथ्वीपासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर, सिंह राशीतल्या एका लाल बटू ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ‘के२-१८बी’ या ग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडल्याची ती बातमी होती. संशोधक गटाचे प्रमुख निक्कू मधुसूदन हे केंब्रिज विद्यापीठातले, पण शिकलेले वाराणसीच्या आयआयटीत. त्यामुळे आपल्याकडे बातमीला जरा जास्तच जागा मिळाली आणि व्हॉट्सॲपवर तर परग्रहवासी जवळजवळ सापडलेच. पुढच्या काही आठवड्यांत इतर शास्त्रज्ञांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली. एवढ्या पुराव्यावर असा निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ही दुसरी बातमी मात्र फारशी कुणी कुणाला पाठवली नाही.

या दोन बातम्यांमधले अंतर वैद्यकीय व्यवसायातल्या कुणालाही ओळखीचे वाटेल. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर डॉक्टर अनेकदा आजाराच्या नावाआधी एक छोटे प्रश्नचिन्ह काढतात. ‘लक्षणे या आजाराकडे बोट दाखवतात, पण खात्री बाकी आहे’ एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या तपासण्या झाल्या की ते प्रश्नचिन्ह तरी जाते किंवा आजाराचे नाव तरी. मधल्या काळात त्या चिन्हाला फार मोल असते. दूरच्या ग्रहांचे शास्त्र गेली १७० वर्षे या प्रश्नचिन्हाच्या आधाराने पुढे सरकले आहे. आपल्या आरोग्याच्या व्यवहारातून मात्र ते पुसले जात आहे. हे का घडते आणि त्याची किंमत कोण मोजते, हे समजून घ्यायला हा ग्रह उपयोगी पडतो.

मुळात के२-१८बी हा ग्रह कुणीही पाहिलेला नाही. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांना बाह्यग्रह म्हणतात. अशा खात्रीच्या ग्रहांची संख्या सप्टेंबर २०२५मध्ये सहा हजारांवर गेली. त्यातल्या अगदी मोजक्या ग्रहांचे थेट छायाचित्र मिळाले आहे. बाकीचे ग्रह ताऱ्याच्या झगझगाटात बुडालेले असतात. त्यांचे अस्तित्व ताऱ्याच्या वागण्यावरून ओळखावे लागते. पोट न फाडता पोटातले दुखणे ओळखण्यासारखेच हे काम आहे. गंमत म्हणजे त्यासाठी वापरली जाणारी दोन मुख्य साधने तत्त्वाने तीच आहेत, जी रुग्णालयात रोज हाताळली जातात.

पहिले साधन डॉप्लरचे. अंबरनाथ स्थानकाच्या फलाटावर उभे असताना एखादी न थांबणारी एक्स्प्रेस हॉर्न देत निघून जाते. गाडी जवळ येताना तो आवाज चढा लागतो आणि गाडी समोरून गेली की एकदम उतरतो. ऑस्ट्रियाचे ख्रिस्तिआन डॉप्लर यांनी १८४२मध्ये या परिणामाचे गणित मांडले. गरोदर बाईच्या पोटावर यंत्र ठेवून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवतात किंवा पायाच्या शिरेतला रक्तप्रवाह सोनोग्राफीत पाहतात, ते याच तत्त्वावर. प्रकाशाचेही तसेच होते. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याचा प्रकाश किंचित निळ्या बाजूला सरकतो, लांब जात असेल तर किंचित तांबड्या बाजूला.

पण तारा मुळात हलेल कशाला? मोठा माणूस लहान मुलीबरोबर फुगडी घालतो तेव्हा मुलगी मोठ्या वर्तुळात फिरते, पण माणूसही जागच्या जागी थोडा डोलतो. ग्रह आणि ताऱ्याची फुगडी अशीच असते. मुलगी अंधारात दिसत नसली तरी माणसाच्या डोलण्यावरून तिचे वजन आणि फेऱ्याचा वेळ काढता येतो. स्वित्झर्लंडचे मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलोझ यांनी १९९५मध्ये अशा डोलण्यावरूनच ‘५१ पेगासी’ या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला. त्यासाठी २०१९मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

त्याच २०१९ सालात अशाच एका ग्रहाला महाराष्ट्रातून नाव मिळाले. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने आपल्या शंभरीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह यांचे नामकरण करण्याची संधी दिली होती. भारताच्या वाट्याला सिंह राशीच्या दक्षिणेला असलेला, सुमारे ३४० प्रकाशवर्षे दूरचा ‘एचडी ८६०८१’ हा तारा आला. आज दुर्बिणीतून दिसणारा त्याचा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा रायगडावर छत्रपती संभाजी महाराजांचे राज्य होते. ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळाले, ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाचे ‘संतमस’ हे नाव सुचवले पुण्यातल्या एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने. संस्कृतात त्याचा अर्थ झाकोळलेला. या ग्रहाचे वातावरण ढगाळ असावे, अशी त्यामागची कल्पना होती.

संतमस २००६मध्ये सापडला तो डॉप्लरनेच. तो गुरूच्या किमान दीडपट वजनाचा आहे आणि सव्वादोन दिवसांच्या आतच ताऱ्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. त्याच्या ओढीने बिभा तारा सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने पुढे-मागे डोलतो, म्हणजे साधारण प्रवासी विमानाच्या वेगाने. एवढी गोष्ट पक्की. त्याचे ढग मात्र अजून कुणी पाहिलेले नाहीत. नाव ठेवणे वेगळे आणि निदान करणे वेगळे, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. नावात कल्पना चालते, निदानात चालत नाही.

दुसरे साधन घराघरांत पोहोचले ते करोनाच्या काळात. बोटाला चिमटा लावून प्राणवायूची पातळी सांगणारा ऑक्सिमीटर तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या दुकानांपासून बदलापूरच्या नव्या इमारतींपर्यंत सगळीकडे शोधला जात होता. तो काय करतो? बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाश पाठवतो. हाड, कातडी, मांस यांनी अडवलेला प्रकाश सतत तेवढाच राहतो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला येणाऱ्या ताज्या रक्तामुळे मात्र प्रकाश क्षणभर किंचित कमी होतो. यंत्र फक्त ही कमी-जास्त होणारी मात्रा उचलते आणि दोन रंगांतला फरक पाहून रक्तात प्राणवायू किती आहे ते ठरवते. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४मध्ये ही युक्ती मांडली. एप्रिल २०२०मध्ये, सारे जग त्यांचे यंत्र शोधत असताना, त्यांचे निधन झाले.

के२-१८बी सापडला तो जवळजवळ याच युक्तीने. दर ३३ दिवसांनी हा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश सुमारे ०.३ टक्के कमी होतो. केपलर दुर्बिणीच्या निरीक्षणांत हा ठोका २०१५मध्ये ओळखला गेला. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर प्रकाशात एक टक्क्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी घट होते. यावरून हे मोजमाप किती नाजूक असते ते कळेल. पुढचे काम त्याहून नाजूक आहे. ग्रहाभोवती वातावरण असेल तर ताऱ्याच्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग त्या वातावरणातून गाळून येतो. त्यातला प्रत्येक वायू ठरावीक रंग जास्त शोषतो. म्हणून ग्रह समोर असतानाचा आणि नसतानाचा प्रकाश वेगवेगळ्या रंगांत मोजून त्यांतला फरक काढतात. आपल्या ऑक्सिमीटरला दोन रंग पुरतात. जेम्स वेब दुर्बीण अवरक्त प्रकाशाच्या शेकडो छटा मोजते.

इथपर्यंत ऐकले की विज्ञानाची कमाल वाटते आणि ती आहेच. पण प्रत्येक साधन फसते, आणि कधी फसते हे ज्याला माहीत असते त्याच्याच हातात ते उपयोगी पडते.

ऑक्सिमीटरचेच पाहा. खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर चालू असेल आणि आत कार्बन मोनॉक्साइड साठला असेल, तर आंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध पडतो. त्याच्या रक्तात प्राणवायूची जागा विषारी वायूने घेतलेली असते. तरीही बोटावरचा साधा ऑक्सिमीटर ९८ किंवा ९९ दाखवू शकतो. कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्या तांबड्या प्रकाशाला प्राणवायूवाल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. दोन रंगांच्या यंत्राला या दोघांतला फरक कळत नाही. आकडा खोटा नसतो, यंत्र बिघडलेले नसते, पण त्या आकड्याचा अर्थ चुकलेला असतो. आकड्याबरोबर गीझर, बंद खिडकी आणि बेशुद्ध माणूस एकत्र पाहणाराच त्याचा जीव वाचवतो.

ग्रहांच्या शोधाचा इतिहास अशा चकव्यांनी भरलेला आहे आणि त्यातला पहिला मोठा चकवा भारतातल्या दुर्बिणीतून झाला. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातले इंजिनीअर. त्यांनी १८४२मध्ये पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली आणि तिथून ते जोडताऱ्यांची निरीक्षणे करत. पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. तिथून १८५५मध्ये त्यांनी भुजंगधारी तारकासमूहातल्या ‘७० ऑफियुकी’ या जोडताऱ्याबद्दल एक निष्कर्ष मांडला. हे दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत फिरतात, पण त्यांची चाल गणिताशी थोडी जुळत नव्हती. तिथे एखादा न दिसणारा ग्रह असणे फार संभवनीय आहे, असे जेकब यांनी लिहिले. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा निरीक्षणांवर आधारलेला इतका गंभीर दावा त्याआधी क्वचितच झाला असेल.

तो दावा टिकला नाही. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत थॉमस सी यांनी तो पुन्हा उचलून धरला, तेव्हा १८९९मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखवून दिले की तशा कक्षेतला ग्रह तिथे टिकूच शकत नाही. जेकब तोवर हयात नव्हते. पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारण्यासाठी ते १८६२च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडहून पुन्हा मुंबईला उतरले. तेव्हा कल्याणहून बदलापूरमार्गे खोपोलीकडे जाणारी रेल्वे सुरू होऊन सहा वर्षे झाली होती, पण बोरघाटातला लोहमार्ग अजून पूर्ण व्हायचा होता. पुण्याला पोहोचताच काही दिवसांत, वयाच्या ४८व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

जेकब चुकले, पण त्यांनी ‘संभवनीय’ हा शब्द वापरला होता. त्यांच्या केसपेपरवर प्रश्नचिन्ह होते, म्हणून ती चूक पुढच्यांना तपासता आली.

दुसरा चकवा १९६३चा. अमेरिकेतले पीटर व्हॅन डी कॅम्प यांनी सहा प्रकाशवर्षांवरच्या बर्नार्डच्या ताऱ्याभोवती गुरूपेक्षा मोठा ग्रह असल्याचे जाहीर केले. अनेक वर्षांच्या छायाचित्रांचा आधार होता, त्यामुळे दहा वर्षे तो पाठ्यपुस्तकांत राहिला. मग इतरांनी दुसऱ्या दुर्बिणींतून पाहिले तर डोलणे दिसेना. शोध घेतल्यावर कळले की त्यांच्या वेधशाळेत दुर्बिणीची मुख्य काच काढून पुन्हा बसवली गेली, तेव्हा छायाचित्रांतले इतर तारेही तसेच सरकले होते. डोलत होती ती दुर्बीण. दवाखान्यातल्या वजनकाट्याचा काटा शून्यावर नसेल तर येणारा प्रत्येक रुग्ण दोन किलोने जाड ठरतो, तसाच हा प्रकार. पुढे २०२४ आणि २०२५मध्ये अतिशय अचूक यंत्रांनी याच ताऱ्याभोवती पृथ्वीपेक्षाही हलके चार ग्रह शोधले. म्हणून जुने निदान बरोबर ठरत नाही. चुकीच्या कारणासाठी रोगी ठरवलेल्या माणसाला पुढे वेगळाच आजार निघाला, तरी पहिली चिठ्ठी चुकीचीच राहते.

आता के२-१८बीकडे परत येऊ. जेम्स वेबच्या २०२३च्या निरीक्षणांत या ग्रहावर मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले होते. त्याआधी, २०१९मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून तिथे पाण्याची वाफ असल्याची बातमी गाजली होती. वेबच्या अधिक बारीक तपासणीत ती वाफ ठळकपणे दिसली नाही. २०२५चा दावा होता डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या एका वायूचा. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती तयार करतात, म्हणून तो जीवसृष्टीची खूण. इथे तीन शंका उभ्या राहतात. आलेखातला तो चढउतार खरा आहे की यंत्राची खरखर? खरा असेल तर तो याच वायूचा आहे की तसाच दिसणाऱ्या दुसऱ्या कुणाचा? आणि वायू तोच असेल तर तो सजीवांनीच केला असे कशावरून? इतर गटांनी पहिल्या दोन शंकांवर बोट ठेवले. विचारात घेतलेल्या वायूंची यादी वाढवली की तोच आलेख इतर वायूंनीही तितकाच जुळतो, असे त्यांना दिसले. गीझरच्या उदाहरणातल्यासारखीच ही गल्लत. तिसऱ्या शंकेलाही आधार आहे. हाच वायू एका धूमकेतूवरही मिळाला आहे आणि तिथे समुद्र नाही की शेवाळ नाही.

मधुसूदन यांच्या गटाने काही लपवले होते असे नाही. आपला पुरावा ‘थ्री सिग्मा’ पातळीचा आहे आणि पक्क्या शोधासाठी आणखी निरीक्षणे लागतील, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. थ्री सिग्मा म्हणजे नुसत्या खरखरीतून असा आलेख योगायोगाने उमटण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. अनेकांनी त्याचा अर्थ ‘जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के’ असा लावला. हा अर्थ साफ चुकीचा आहे. नेमकी हीच चूक आपल्या हातात पडणाऱ्या रक्ताच्या अहवालांबाबत रोज होते.

एक साधा हिशेब करून पाहा. समजा, बदलापुरातल्या एक हजार धडधाकट माणसांची एका आजारासाठी चाचणी केली आणि हजारात एकालाच तो आजार आहे. चाचणी खरा रोगी कधीच सोडत नाही आणि निरोगी माणसांपैकी शंभरातल्या फक्त पाचांनाच चुकून रोगी ठरवते. ऐकायला चाचणी उत्तम. पण ९९९ निरोगी माणसांचे पाच टक्के म्हणजे सुमारे ५० जण. खरा रोगी एक. म्हणजे ज्या ५१ जणांच्या अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ असे येईल, त्यांतले ५० जण निरोगी आहेत. तीच चाचणी डॉक्टरने लक्षणे पाहून, संशय आला त्यांचीच केली असती तर तिचे मोल कितीतरी वाढले असते. ग्रहावरच्या जीवसृष्टीबाबत तर ‘हजारात किती’ हेच कुणाला ठाऊक नाही. आपल्याकडे सजीव असलेल्या ग्रहाचे उदाहरण आहे एकच, आपले.

दुसरा हिशेब ‘नॉर्मल’च्या चौकटीचा. बऱ्याच चाचण्यांची सामान्य पातळी अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचीही विसातली एक चाचणी चौकटीबाहेर पडणे स्वाभाविक आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. आता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कुठल्याही स्थानकाबाहेर पडले की दिसणारे ‘फुल बॉडी चेकअप’चे फलक आठवा. साठ, सत्तर, ऐंशी चाचण्या एका पॅकेजात. चाचण्या जितक्या जास्त तितके ते चांगले, असा समज. खरे तर चाचण्या जितक्या जास्त तितका चकवा जास्त.

या चकव्याची किंमत कोण मोजतो? सकाळची लोकल पकडून मुंबईला जाणारा, सुट्टी बुडवून रांगेत उभा राहणारा माणूस. ठळक छापलेल्या एका आकड्यामुळे त्याची झोप उडते. मग दुसरी तपासणी, मग सीटी स्कॅन, मग विशेषज्ञ. कधी नको असलेली सुई टोचून तुकडा काढण्यापर्यंत प्रकरण जाते आणि शेवटी ‘काही नाही’ असे निघते. काही नाही म्हणून सुटका झाली असे वाटते, पण गेलेले पैसे आणि महिनाभराची धास्ती परत मिळत नाही. उलट बाजूचे नुकसान याहून घातक. सगळे आकडे चौकटीत आले म्हणून कुणी छातीतल्या कळेकडे दुर्लक्ष करतो. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला ईसीजीसुद्धा कधीकधी नॉर्मल येतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

मग तपासण्या करूच नयेत का? तसा अर्थ कुणी काढू नये. ज्या आजारांचे प्रमाण मोठे आहे, जे सुरुवातीला दुखत-खुपत नाहीत आणि लवकर कळले तर ज्यांवर उपचार आहेत, त्यांची तपासणी लक्षणे नसतानाही करायलाच हवी. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर, तसेच तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत याच विचाराने मोफत केली जाते. ही यादी छोटी आहे, कारण ती विचार करून केलेली आहे. ऐंशी चाचण्यांच्या पॅकेजपेक्षा ही पाच कामे जास्त जीव वाचवतात. पण त्यांना चकचकीत फोल्डर नसते, म्हणून त्यांची रांग लहान असते.

आणि जिथे संशय खरा आहे तिथे दुसऱ्या, वेगळ्या तऱ्हेच्या साधनाने खात्री करून घ्यावी. छातीच्या एक्स-रेत सावली दिसली म्हणजे क्षयरोग झाला असे होत नाही. थुंकी तपासावी लागते. ग्रहांच्या शास्त्रातही हाच रिवाज आहे. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेने २०१८मध्ये, भारतातून पहिल्यांदाच, एका बाह्यग्रहाची खात्री केली. सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूरच्या त्या ताऱ्याचा प्रकाश कमी-जास्त होतो हे केपलर दुर्बिणीने आधीच टिपले होते. पण दोन तारे एकमेकांआड येऊनही असाच आलेख उमटू शकतो. म्हणून अबूच्या डोंगरावरच्या दुर्बिणीतून वर्षाहून अधिक काळ त्या ताऱ्याचे डोलणे डॉप्लरने मोजले गेले. त्यातून पृथ्वीच्या सुमारे २७ पट वजनाचा ग्रह निश्चित झाला. सावली एका यंत्राने दाखवली, वजन दुसऱ्याने सांगितले, तेव्हा कुठे प्रश्नचिन्ह पुसले गेले.

यातून तिघांनी काही गोष्टी अंगी बाणवायला हव्यात. प्रयोगशाळांनी अहवालातला आकडा ठळक छापताना खाली मराठीत एक ओळ छापावी: चौकटीबाहेरचा आकडा म्हणजे आजार नव्हे, डॉक्टरांना दाखवा. वर्तमानपत्रांनी दाव्याला जेवढी जागा दिली, तेवढी त्याच्या फेरतपासणीला द्यावी. निदान त्याच पानावर तरी. आणि वाचकाने, बातमी असो वा रक्ताचा अहवाल, तीन प्रश्न विचारावेत. ही तपासणी कुणी, कशासाठी केली? असाच आकडा दुसऱ्या कशामुळे येऊ शकतो का? दुसऱ्या साधनाने किंवा दुसऱ्या माणसाने तो पडताळला आहे का? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर घाबरायचीही घाई नको आणि नाचायचीही.

‘अजून खात्री नाही’ हे उत्तर ऐकायला कुणालाच आवडत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना त्यात डॉक्टरचे अज्ञान दिसते आणि डॉक्टरलाही ते म्हणताना संकोच वाटतो. त्यापेक्षा आजाराचे एखादे भारदस्त नाव सांगून मोकळे होणे सोपे. पण विज्ञानाला जी प्रतिष्ठा मिळाली आहे ती नेमकी याच उत्तरामुळे. सहा हजार ग्रहांची यादी विश्वासाची वाटते, कारण संशयितांपैकी कित्येकांना त्या यादीत शिरू दिलेले नाही.

बदलापूरच्या पुढचे स्थानक वांगणी. शहरांचा उजेड तिथे जरा मागे पडतो, म्हणून मुंबईचे खगोल मंडळ तिथे वर्षानुवर्षे रात्रभराची आकाशदर्शने घेत आले आहे. पावसाळ्यापूर्वीच्या स्वच्छ रात्री, मध्यरात्रीनंतर, भुजंगधारी तारकासमूहात जेकब यांचा तो तारा नुसत्या डोळ्यांना मंद ठिपक्यासारखा दिसू शकतो. त्याच्याभोवती ग्रह आहे का, याची खात्री १७० वर्षांनंतरही झालेली नाही. कदाचित उद्याची एखादी दुर्बीण तो शोधेल, कदाचित तिथे काहीच नसेल. तोवर त्या ताऱ्याच्या केसपेपरवरचे प्रश्नचिन्ह तसेच राहू देणे योग्य. आपल्या घरातल्या अहवालांच्या फायलीतही जिथे खात्री नाही तिथे ते चिन्ह काढायला आणि वाचायला आपण शिकले पाहिजे.